कोंबड्या घरोघरी, कामे मिळून : कोल्हापूर जिल्ह्यातील बचत गटांसाठी परसातील कुक्कुटपालन

बचत गटाच्या बैठकीत कुक्कुटपालनाचा विषय निघाला की पहिली सूचना बहुधा एकत्र शेडची येते. गावाबाहेर जागा घ्यायची, पाचशे पक्ष्यांचे शेड उभारायचे आणि सभासद महिलांनी पाळीपाळीने तिथे राबायचे, अशी ती कल्पना असते. ज्या गटाचा हेतू घरातील आहार सुधारणे आणि हाती थोडे पैसे येणे हा आहे, त्या गटाने हा मार्ग धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाळी चुकते, रात्रीच्या राखणीवरून कुरबुरी होतात, एखादा रोग शिरला की सर्वांचे भांडवल एकाच आठवड्यात जाते. मुख्य म्हणजे शेडमधले अंडे घरातल्या मुलाच्या ताटात येतच नाही. ते ट्रेमध्ये जाते आणि ट्रेमधून टेम्पोत.

त्याऐवजी कोंबड्या ज्या त्या घराच्या परड्यात राहू द्याव्यात आणि तीन कामे तेवढी मिळून करावीत : पिल्लांची पहिल्या महिन्यातील जोपासना, लसीकरण आणि विक्री. कोल्हापूरकरांना ही रचना नवी नाही. १९६३ साली गोकुळ दूध संघ स्थापन झाला तेव्हापासून म्हैस ज्याच्या त्याच्या गोठ्यात आणि दुधाचे संकलन संस्थेत, ही वाटणी इथल्या गावांच्या अंगवळणी पडलेली आहे. कोंबड्यांच्या बाबतीतही तीच वाटणी उपयोगी पडते, कारण एकटीला न पेलणारी कामे नेमकी ही तीनच आहेत आणि बाकीचे सारे काम घरातली बाई, सासूबाई किंवा शाळेतून आलेले पोर सहज करू शकते.

आधी घरातले ताट

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. दुधाच्या या जिल्ह्यातही घरातले दूध संस्थेत जाते आणि घरच्या बाईच्या वाट्याला चहापुरते उरते, हे आपण सगळे पाहतो. अंड्याचे तसे होऊ द्यायचे नसेल, तर पहिल्याच बैठकीत नियम ठरला पाहिजे.

एका मध्यम अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. एक ते तीन वर्षांच्या मुलाच्या दिवसाच्या गरजेच्या ती जवळपास निम्मी भरतात. शिवाय अ जीवनसत्त्व, ब-१२ आणि मेंदूच्या वाढीला लागणारे कोलीन त्यातून मिळते. अंड्यातील लोह मात्र थोडे असते आणि शरीरात नीट शोषलेही जात नाही. त्यामुळे अंडी खाल्ल्याने रक्त वाढेल असे कोणालाही सांगू नये आणि आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या अंडी सुरू झाली म्हणून बंद करू नयेत. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला वरच्या आहारात पूर्ण उकडलेले अंडे थोडे थोडे कुस्करून देता येते. गरोदर आणि स्तनदा मातांनी ते रोज खाल्ले तरी चालते. उष्ण पडते म्हणून त्यांना अंडे नाकारण्याची रीत अनेक घरांत आहे, ती सासूबाईंशी समोर बसून, मानाने बोलून सोडवावी लागते.

नियम असा असावा : घरात लहान मूल, किशोरवयीन मुलगी किंवा गरोदर बाई असेल तर तिच्या वाट्याची अंडी आठवड्याच्या सुरुवातीलाच वेगळ्या बुट्टीत काढून ठेवायची आणि उरलेलीच विक्रीला न्यायची. राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस माणशी वर्षाला १८० अंड्यांची आहे. सुरुवातीला माणशी आठवड्याला दोन अंडी एवढे उद्दिष्ट ठेवले तरी पुष्कळ झाले. माळकरी किंवा जैन घरातील महिला गटात असतील तर त्यांच्यावर या उपक्रमाची सक्ती करू नये. त्यांच्यासाठी गटाचे दुसरे व्यवसाय मोकळे असतात.

गट कसा जुळवावा

दहा ते पंधरा महिला पुरेत, पण त्या शक्यतो एकाच गल्लीतल्या किंवा एकाच वाडीतल्या असाव्यात. कोंबड्या एकमेकींच्या परड्यात फिरणार, रोगही फिरणार, म्हणून अंतर जवळचे असले की लस आणि देखरेख दोन्ही सोपे जाते. गावात ‘उमेद’ अभियानाचा ग्रामसंघ असेल तर त्याच्या बैठकीत हा विषय मांडून ठराव करून घ्यावा आणि पशुसखीला, म्हणजे जनावरांच्या देखभालीचे प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्या महिलेला, पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यावे.

सुरुवातीच्या बैठकीत आणखी एक विषय उघडपणे बोलावा, तो शेजाऱ्यांचा. कोंबड्यांनी वाळत घातलेले भात उकरले किंवा कोथिंबिरीचा वाफा विस्कटला, यावरून वर्षानुवर्षांची बोलणी बंद होतात. सकाळी दहाच्या सुमारास कोंबड्या सोडायच्या आणि दिवेलागणीला कोंडायच्या, असे सर्वांनी ठरवले तर ही भांडणे बरीच टळतात. याचा दुसरा लाभही आहे : बहुतेक कोंबड्या सकाळी अंडी देतात, त्यामुळे उशिरा सोडल्यावर अंडी खुराड्यातच मिळतात, उसाच्या फडात शोधत फिरावे लागत नाही.

कोणत्या जातीची पिल्ले

आपली गावठी कोंबडी काटक असते, खुडूक बसते आणि पिल्ले राखते, पण वर्षाला ५० ते ६० अंड्यांवर ती सहसा जात नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेली वनराज परसात सांभाळल्यास साधारण १०० ते ११० अंडी देते आणि तिचे नर वजनाला भरतात. त्याच संस्थेची ग्रामप्रिया अंड्यांना अधिक सरस आहे, पण अंगाने हलकी. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज आपल्याकडे जुनी ओळखीची आहे. जिथे कोंबड्याला चांगले गिऱ्हाईक आहे तिथे वनराज किंवा गिरिराज, आणि जिथे मुख्य हेतू अंड्यांचा आहे तिथे ग्रामप्रिया, असा सरळ निर्णय करावा. कडकनाथच्या किमतीच्या कहाण्या ऐकून पहिल्याच वर्षी त्याकडे वळू नये. त्याची अंडी कमी असतात आणि त्याला ठराविक गिऱ्हाईक लागते.

एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी उबवून पिल्ले घ्यायची झाल्यास ती गावठी कोंबडीखाली ठेवावी लागतात, आणि तरीही त्या पिल्लांमध्ये आईइतकी अंडी देण्याची क्षमता उतरत नाही. म्हणून गटातील दोन-तीन घरांनी गावठी कोंबड्या जरूर राखाव्यात, त्यांच्या रवणीला दहा-बारा अंडी ठेवून घरापुरती पिल्ले काढावीत, पण मुख्य कळप बदलताना पिल्ले उबवणी केंद्रातूनच आणावीत. कोल्हापुरात पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तिथे आगाऊ मागणी नोंदवावी लागते, हे लक्षात ठेवून दोन-तीन महिने आधी अर्ज द्यावा.

पहिला महिना : एका घरी, एका हाती

प्रकल्पाचे यश मुख्यतः या महिन्यावर ठरते. एक दिवसाचे पिल्लू वीस घरांत वाटले की कुठे ते थंडीने जाते, कुठे मांजर नेते, कुठे त्याला खाद्यच नीट मिळत नाही. म्हणून सर्व पिल्ले महिनाभर एकाच सभासदाच्या घरी वाढवावीत आणि मगच वाटावीत. त्या महिलेचा मोबदला आधी ठरवावा आणि तो जिवंत हाती दिलेल्या पिल्लांवर द्यावा, म्हणजे काळजी आपोआप घेतली जाते.

समजा गटात बारा जणी आहेत आणि प्रत्येकीला वीस पिल्ले द्यायची आहेत. मरतूक धरून २५५ ते २६० पिल्ले आणावीत. सुरुवातीला दर पिल्लाला अर्धा चौरस फूट जागा लागते, म्हणजे १० बाय १२-१३ फुटांची खोली पुरते. तिसऱ्या आठवड्यानंतर मात्र याच्या दुप्पट जागा मोकळी करावी लागेल. खोली आठवडाभर आधी झाडून, चुना मारून वाळवावी. जमिनीवर भाताच्या तुसाचा दोन ते तीन इंच जाड थर द्यावा. आजरा, गडहिंग्लज, चंदगड, राधानगरी या पट्ट्यात गिरणीवर तूस सहज मिळते. पूर्वेकडे लाकडाचा भुसा वापरावा, पण तो अगदी बारीक नसावा. थरावर पहिले दोन-तीन दिवस कागद अंथरावा, आणि तो गुळगुळीत असेल तर चुरगळून मग पसरावा, कारण गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात. पत्र्याचे किंवा जाड पुठ्ठ्याचे दीड फूट उंच गोल कडे करावे. चौकोनी खोलीत पिल्ले कोपऱ्यात दाटून एकमेकांखाली गुदमरतात, ती या कड्यामुळे वाचतात.

उबेसाठी दर पिल्लामागे दोन वॅट हा हिशेब धरावा, म्हणजे अडीचशे पिल्लांना शंभर वॅटचे पाच बल्ब. हे बल्ब जुन्या पद्धतीचे, तारेचे, पिवळ्या प्रकाशाचे असले पाहिजेत. एलईडी दिव्याला उष्णता नसते. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस तापमान हवे आणि नंतर दर आठवड्याला ते सुमारे तीन अंशांनी उतरवावे. तापमापक नसला तरी पिल्लेच सगळे सांगतात. रात्री दहाला दार हळूच उघडून पाहावे : पिल्ले बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करीत असतील तर ऊब कमी आहे, बल्ब खाली घ्यावेत. कड्याला चिकटून, चोची उघड्या ठेवून धापा टाकत असतील तर ऊब जास्त झाली आहे. सगळी एका बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येत आहे, तिथल्या फटीत पोते कोंबावे. सर्वत्र पसरून काही झोपलेली, काही चरणारी दिसली की निर्धास्त झोपावे. वीज जाईल तेव्हासाठी कोळशाची शेगडी तयार असावी, पण ती बाहेर पूर्ण पेटवून धूर गेल्यावरच आत आणावी आणि वरची खिडकी उघडी ठेवावी.

पिल्ले प्रवास करून तहानलेली येतात. आल्याबरोबर प्रत्येकाची चोच गुळाच्या पातळ पाण्यात एकदा बुडवून मगच त्याला कड्यात सोडावे; चोच ओली झाली की ते स्वतः पाणी प्यायला शिकते. पहिले काही तास फक्त पाणी, मग कागदावर मक्याचा बारीक भरडा, आणि दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचे तयार खाद्य. महिनाभरात एका पिल्लाला साधारण पाऊण ते एक किलो खाद्य लागते. इथे काटकसर करू नये. भांड्याभोवतीचे ओले तूस रोज काढून टाकावे, कारण ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्ले पटापट जातात.

पिल्ले आणण्याचा महिना जिल्ह्याच्या कोणत्या भागात आपण आहोत यावर ठरतो. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड, भुदरगड या पावसाळी तालुक्यांत जून ते सप्टेंबर एक दिवसाची पिल्ले आणूच नयेत. त्या ओलीत खोली कोरडी ठेवणे शक्य होत नाही. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत आणलेली पिल्ले पावसाच्या आत चार महिन्यांची होतात आणि विक्रीच्या दृष्टीनेही तीच वेळ योग्य ठरते, ते पुढे येईलच.

खुराडे

वीस पक्ष्यांना रात्रीच्या निवाऱ्यासाठी २० ते २५ चौरस फुटांचे खुराडे पुरते. त्याचा तळ जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच असावा. बांबूच्या किंवा लाकडाच्या पट्ट्यांचा तळ केला तर शिट खाली पडते, खुराडे कोरडे राहते आणि खाली जमा झालेले खत परसबागेला मिळते. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, छपराला जुनी मंगळुरी कौले किंवा पत्रा वापरावा आणि पत्रा असेल तर उन्हाळ्यात त्यावर उसाचे पाचट पसरावे. जाळीचे भोक अर्ध्या इंचापेक्षा मोठे नसावे. मुंगूस दिसायला केवढेसे असते, पण एका रात्रीत अख्खे खुराडे संपवते, आणि उसाच्या कडेच्या वस्त्यांवर त्याचा त्रास फार. अंड्यांसाठी चार-पाच कोंबड्यांमागे एक, अशी गवत घातलेली खोकी किंवा जुन्या बुट्ट्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवाव्यात. जवळच राख आणि कोरडी माती मिसळलेला एक खड्डा असावा. कोंबड्या त्यात लोळतात आणि अंगावरच्या पिसवा, उवा कमी होतात.

शिरोळ, करवीर, हातकणंगले या तालुक्यांतील नदीकाठच्या गावांनी खुराडे दोघांना उचलता येईल एवढे हलके बांधावे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात माणसे आणि जनावरे हलवताना कोंबड्या मागेच राहिल्या, अशी घरे थोडी नव्हती. कोणाच्या कोंबड्या गावातल्या कोणत्या उंच घरी न्यायच्या, आणि त्यासाठी डालगी कोणाकडे आहेत, हे मेच्या बैठकीत वहीत लिहून ठेवावे. पुराच्या पाण्यात भिजलेले खाद्य वाळवून पुन्हा घालू नये, त्याला बुरशी येते आणि त्या बुरशीचे विष कोंबडीला मारते.

खाद्य

परसात फिरणारी कोंबडी किडे, गवताचे बी, उकिरड्यावरचे दाणे खाऊन आपले बरेचसे पोट भरते. तरीही रोज ३० ते ४० ग्रॅम पूरक खाद्य दिल्याशिवाय शंभर अंड्यांची अपेक्षा धरू नये. घरची तांदळाची कणी, कोंडा, मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा आणि थोडी शेंगदाण्याची पेंड यांचे मिश्रण चालते. अंड्यावर आलेल्या कोंबडीला चुन्याची गरज मोठी असते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, कोंबडी लागेल तेवढा खाते. अंड्यांची कवचे घालायची तर भाजून, पूर्ण कुटून घालावीत, नाहीतर कोंबड्यांना अंडी फोडण्याची चटक लागते. अझोला ही पाण्यावर तरंगणारी वनस्पती एका लहान खड्ड्यात वाढवता येते आणि कोंबड्या ती आवडीने खातात. खारट उरलेसुरले अन्न देऊ नये.

उसाच्या पट्ट्यातील एक धोका विशेष आहे. लागणीच्या वेळी किंवा खोडकिडीसाठी फडात टाकलेले दाणेदार कीटकनाशक कोंबडी धान्य समजून टिपते आणि तासाभरात मरते. शेजारच्या शेतात औषध पडणार असेल त्या दिवसापासून पुढचे काही दिवस कोंबड्या कोंडून ठेवाव्यात, आणि शेतकऱ्याने आधी निरोप द्यावा अशी त्याच्याशी बोली करून ठेवावी.

लस सर्वांना एकाच संध्याकाळी

खेड्यात ज्याला मानमोडी म्हणतात तो राणीखेत रोग गावात शिरला की दहा दिवसांत परडी रिकामी होतात. त्यावर औषध नाही, लस आहे, आणि ती स्वस्त आहे. मग खेड्यातल्या कोंबड्यांना लस का मिळत नाही? कारण लसीची कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची येते, फोडल्यावर दोन तासांच्या आत संपवावी लागते, आणि ती दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. दहा कोंबड्या असलेली बाई शंभर मात्रांची कुपी घेऊन काय करणार? बारा घरांच्या अडीचशे कोंबड्या असतील तर हाच प्रश्न उरत नाही. गटाने एकत्र येण्याला या एका कारणाचाही आधार पुरेसा आहे.

मरेक्स रोगाची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी दिलेली असावी, हे पिल्ले घेताना विचारावे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (ही पिल्लांना द्यायची राणीखेतची लस), चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची लस आणि आठव्या-नवव्या आठवड्यात राणीखेतची आर-टू-बी, असा सर्वसाधारण क्रम आहे. त्यानंतर राणीखेतची लस दर सहा महिन्यांनी द्यावी. आपल्या भागातल्या रोगांप्रमाणे पशुवैद्यकीय अधिकारी यात बदल सुचवतील, तो मानावा. आर-टू-बी सहा आठवड्यांच्या आतील पिल्लांना कधीही देऊ नये.

लासोटा डोळ्यात देताना घाई करू नये. पिल्लू डाव्या तळहातात असे धरावे की त्याची पाठ तळव्याला टेकेल आणि डोके अंगठा व तर्जनीमध्ये येईल. डोके किंचित आडवे करून एका डोळ्यात एकच थेंब सोडावा आणि त्याने डोळा मिटून उघडेपर्यंत थांबावे. तेवढे थांबले नाही तर थेंब गालावरून ओघळतो आणि पिल्लाला लस मिळाली असे वहीत लिहिले जाते, प्रत्यक्षात मिळालेली नसते. पाण्यातून लस द्यायची असेल तर ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी वापरू नये, कारण त्यात टीसीएल पावडर असते आणि क्लोरीनने लस निकामी होते. विहिरीचे पाणी उकळून, गार करून वापरावे.

मोठ्या कोंबड्यांना लस संध्याकाळी, त्या खुराड्यात शिरल्यावर द्यावी. पशुसखीने बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये कुपी घेऊन पहिल्या घरापासून निघावे, पुढच्या घरातील बाईने तोवर कोंबड्या कोंडून ठेवलेल्या असाव्यात. गल्लीतल्या सभासद नसलेल्या घरांच्या कोंबड्यांनाही त्याच फेरीत लस द्यावी, शक्यतो फुकट. लस न घेतलेले एक घर सगळ्या गल्लीला भोवते.

रोग बहुधा बाजारातून येतो. आठवडा बाजारात नेलेली आणि न विकता परत आणलेली कोंबडी हा त्याचा सर्वांत सरळ रस्ता आहे. अशी कोंबडी, किंवा पाहुण्यांकडून आलेली नवी कोंबडी, पंधरा दिवस वेगळ्या डालग्याखाली, इतरांपासून दूर ठेवावी, हा नियम लेखी असावा. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. चुना घालून खोल पुरावी. एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या अचानक मेल्या तर त्या कापून पाहू नयेत, खाऊ नयेत आणि विकू नयेत. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आढळला तेव्हा राज्यभर अंड्या-कोंबड्यांची विक्री कोसळली होती. एका गावाने लपवलेली मरतूक सगळ्यांना महाग पडते.

विक्री : श्रावणाआधी कोंबडा, थंडीत अंडी

कोल्हापुरात कोंबड्याचा भाव पंचांगाप्रमाणे चालतो. आषाढात त्र्यंबोलीची यात्रा, गावोगावच्या म्हाई, शेतातली राखण, आणि अखेरीस आषाढ अमावास्या, या सबंध महिन्यात गावरान कोंबड्याला चढी मागणी असते. श्रावण लागला की ती एकदम बसते. पुढे नवरात्र आणि मार्गशीर्षातले गुरुवार हे दिवसही थंडच जातात. फेब्रुवारीत आणलेल्या पिल्लांमधले नर आषाढापर्यंत पाच महिन्यांचे, दोन किलोच्या आसपासचे होतात. दहा कोंबड्यांमागे एक नर राखून बाकीचे सर्व या महिन्यात विकून टाकावेत, कारण पुढे ते फक्त खाद्य खातात आणि एकमेकांशी झुंजतात.

अंड्यांसाठी आठवड्यातून दोन ठरलेले दिवस आणि एक ठरलेले घर असावे. प्रत्येकीच्या वहीवर किती अंडी आली ते लिहावे आणि पैसे दूध बिलासारखे दहा दिवसांनी द्यावेत. अंडी धुवू नयेत, कोरड्या फडक्याने पुसावीत. निमुळते टोक खाली ठेवावे. उन्हाळ्यात आठवड्याच्या आत विकावीत. शंका आली तर अंडे पाण्यात सोडून पाहावे, तरंगणारे अंडे विकू नये. गिऱ्हाईक गावातच शोधायला सुरुवात करावी : शिक्षक, ग्रामसेवक, तालमीतली मुले, बाळंतीण असलेली घरे. त्यानंतर गडहिंग्लज, मुरगूड, वडगाव, मलकापूर असे जवळचे बाजार आणि शेवटी कोल्हापूर शहर.

वनराज-गिरिराजची तपकिरी अंडी पाहून गिऱ्हाईक ती गावठी समजते. त्याला ती परसात फिरणाऱ्या सुधारित कोंबडीची आहेत असे सरळ सांगावे. कवचाच्या रंगाने पोषणात फरक पडत नाही, आणि ताजेपणा हेच या अंड्यांचे खरे बळ आहे.

हिशेब

खालील दर हिशेबापुरते धरलेले आहेत. आपल्या गावचे दर घालून तो पुन्हा मांडावा. वीस पिल्लांपैकी सतरा जगली, त्यातील नऊ माद्या आणि आठ नर. सात नर प्रत्येकी ५०० रुपयांना विकले तर ३,५०० रुपये होतात. नऊ कोंबड्या अंड्यावर आल्यापासून वर्षभरात जवळपास १,००० अंडी देतात. चौघांच्या घरात माणशी आठवड्याला दोन, म्हणजे वर्षाला ४१६ अंडी खाल्ली जातात. उरलेल्या ५८० अंड्यांचे दहा रुपयांप्रमाणे ५,८०० रुपये येतात. एकूण ९,३०० रुपये. खर्चात महिन्याची वीस पिल्ले २,००० रुपये, निम्मे खाद्य घरचे धरून विकतचे खाद्य दोन्ही टप्प्यांत मिळून ३,७०० रुपये, आणि लस-औषधे ३०० रुपये, असे ६,००० रुपये जातात. म्हणजे दीड वर्षात हाती ३,३०० रुपये रोख राहतात. खुराड्याचा खर्च वेगळा.

ही रक्कम लहान आहे आणि ती मोठी करून सांगू नये. पण घरात खाल्लेल्या ४१६ अंड्यांची बाजारभावाने किंमत ४,१६० रुपये होते, म्हणजे रोख नफ्याहून जास्त. म्हणून गटाच्या वहीत ‘विकलेली’ याच्या शेजारी ‘खाल्लेली’ हा रकाना असलाच पाहिजे आणि बैठकीत तो आधी वाचला गेला पाहिजे. ज्या घरी तो रकाना सलग दोन महिने रिकामा दिसेल, तिथे अध्यक्षांनी स्वतः जाऊन चौकशी करावी. बहुधा नवऱ्याने अंड्यांचे पैसे मागितलेले असतात किंवा कर्जाचा हप्ता आलेला असतो. अशा वेळी गटाच्या अंतर्गत कर्जातून मार्ग काढता येतो.

शासकीय योजना

शासनाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत ५० टक्के अनुदानावर एक दिवसाची १०० पिल्ले, किंवा २५ तलंगा (तरुण माद्या) आणि ३ नर दिले जातात. शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीतून कुक्कुटपालनाच्या निवाऱ्याचे काम घेता येते. राष्ट्रीय पशुधन अभियानातील ५० टक्के भांडवली अनुदान हजार पैदास पक्ष्यांच्या प्रकल्पासाठी असून ते प्रभागसंघ किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या आवाक्यातले काम आहे; गटाने पहिल्या दोन वर्षांत त्याचा विचार करू नये. अर्जांच्या तारखा आणि चालू अटी पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे विचाराव्यात. अनुदान मंजूर होईपर्यंत थांबून राहू नये. वीसऐवजी दहा पिल्लांवर, गटाच्या बचतीतून सुरुवात करता येते.

पहिल्या तुकडीच्या कोंबड्या दुसऱ्या वर्षानंतर अंड्यांना उतरू लागतात. त्यामुळे दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतरच्या बैठकीत पुढच्या पिल्लांची मागणी उबवणी केंद्राकडे नोंदवावी, उतरलेल्या कोंबड्या त्याच्या पुढच्या आषाढात काढाव्यात, आणि नवी पिल्ले वाढवण्याचे काम या वेळी दुसऱ्या सभासदाकडे द्यावे, म्हणजे ते येणाऱ्या दोघी गावात तयार होतात.